पवनानगरहून अकरा

आदिनाथ सरांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा समीक्षानं बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि फोन खांद्यात दाबून धरला.

“कोडचा तक्ता तुम्ही कुणाला दिलाय का?”

“नाही सर.”

तिकडं पुण्याच्या ऑफिसात मागं कुणीतरी हसत होतं. इकडं मळवलीत, बंगल्यामागच्या दोन खोल्यांत, सकाळपासून ती पहिल्यांदाच मोठ्या माणसाशी बोलत होती. तिचा नवरा सत्यम बंगल्याची राखण करायचा. पाहुणे उतरले की दिवसभर त्यांच्याच दिमतीला.

काम तसं साधं होतं. बाळाच्या वस्तूंवर लेख लिहायचे आणि खाली बटण द्यायचं. ते दाबून वाचकानं वस्तू घेतली की कंपनीला कमिशन, त्यातला वाटा तिला. कोण कुणाच्या लेखावरून आलं ते कळावं म्हणून बाहेरून काम करणाऱ्या प्रत्येकीला वेगळा कोड. या कोडांचा तक्ता कुणालाही दाखवायचा नाही, असं सहीच्या कागदावर ठळक छापलेलं.

आणि आता तिच्या कोडवर रोज अकरा क्लिक पडत होते. ना दहा, ना बारा. सकाळी नऊच्या सुमाराला, एकाच जुनाट फोनवरून, पवनानगरहून. तेही एकाच लेखावर, मच्छरदाणीच्या. त्यात तिनं आपल्याच बाळाचा फोटो टाकला होता, गालाशी मूठ घेऊन झोपल्याचा. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र एकही क्लिक नाही. आणि खरेदी तर कधीच नाही.

सर म्हणाले की हे कुणीतरी खोडसाळपणे करतंय, नाहीतर तीच करवून घेतेय. वस्तू विकणाऱ्या दुकानवाल्यांच्या हे लक्षात आलं तर ते कंपनीलाच बाहेर काढतील. फोन कुणाचा ते त्यांना दिसत नव्हतं, गाव आणि वेळ तेवढी दिसत होती. संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा आला नाही, तर तिचं काम थांबणार होतं.

काम थांबलं असतं तरी सत्यमच्या पगारात घर चाललं असतं. पण बाळ झोपल्यावरचा तो दुपारचा दीड तास गेला असता. तेवढ्या वेळात ती कुणाची आई नसायची, कुणाची बायको नसायची. तिनं लिहिलेलं कुठंतरी कुणीतरी वाचत असायचं.

पवनानगर तिचं माहेर. सत्यमशी लग्न करायला ती घरातून निघाली, तेव्हा फोनसुद्धा तिथंच ठेवून आली होती. तीन वर्षं झाली. बाळाचे पेढे पाठवले, तर आबांनी, तिच्या वडिलांनी, डबा न उघडताच परत धाडला. काम लागलं तेव्हा तिनं हौसेनं गावाकडच्या झाडून सगळ्या नंबरांवर लेखाचा दुवा पाठवला होता. वर लिहिलं होतं, खालचं बटण दाबा, मला मदत होईल. पाच-सहा जणांनी अंगठा पाठवला आणि विषय संपला.

त्या गावातलं एकच माणूस अजून तिच्याशी बोलायचं. सारिका. आणि विचार करता करता समीक्षा तिच्याच नावाशी येऊन थांबली.

सारिकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. ड्रॉवरभर जुने फोन. बाजाराच्या दिवशी तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. आणि बाळाला आठ दिवस ताप होता, तेव्हा समीक्षानं आपलं काम तिच्याकडं सोपवलं होतं. अख्खा तक्ता पाठवला होता. पुढं सारिकालाही त्याच कंपनीत काम मिळालं, पण थोडंच. तेव्हापासून ती समीक्षाला पुण्यावाल्यांची लाडकी म्हणून चिडवायची.

समीक्षानं तिला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून, सकाळी नऊला काय करत असतेस, असं सहज विचारलं.

“शटर उघडते, आजून काय. तू काय माझी सासू हाईस व्हय?” सारिका हसली. मग गिऱ्हाईक आलंय म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्या घाईनं समीक्षाची खात्री पटली.

तिनं सगळं लिहून टाकलं. सकाळी आपण खोटं बोललो ते, तापाचे आठ दिवस, तक्ता, पवनानगरचं दुकान, जुने फोन. दोनदा वाचलं. बाळ चुळबुळलं, तिनं पाळण्याला झोका दिला आणि दुसऱ्या हातानं ते पाठवून दिलं.

तासाभरात उत्तर आलं. खरं सांगितलं म्हणून तिला नुसती ताकीद देऊन कामावर ठेवलं होतं. सारिकाचं काम बंद. ज्यावरून क्लिक यायचे तो जुनाट फोनही अडवला होता, त्याच्यावर कंपनीची पानं यापुढं उघडणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, सव्वानऊ झाले. तिच्या क्लिकच्या नोंदीत पवनानगरसमोर शून्य.

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण ती त्या शून्याकडं बघत राहिली. इतके दिवस रोज कुणीतरी येत होतं, वैरानं का होईना. आता तिकडून कुणीच येणार नव्हतं.

साडेनऊला सारिकाचा फोन आला. समीक्षानं तो बराच वेळ वाजू दिला. मनाशी शब्द जुळवले, मग उचलला.

“माझं काम गेलं त्याचं मागनं बोलू,” सारिका दबक्या आवाजात म्हणाली. “तुजे आबा आल्यात दुकानात, तू घरी ठिवून गेलीस त्यो फोन घिऊन. मारुतीला अकरा फेऱ्या झाल्या की रोज कट्ट्यावर बसून तुजं बटण अकरा येळा दाबत्यात म्हणं. बाजाराच्या दिशी कट्ट्यावर भाजीवालं बसत्यात, तवा तेवढं ऱ्हातं. तूच लिवलं व्हतंस न्हवं, मदत हुईल म्हणून. आता म्हणत्यात, फोन बिघडलाय, नातू दिसंना झालाय.”