उजव्या कडेची

ठमाबाई सरळ जाऊन साहेबांच्या खुर्चीत बसली, तेव्हा महाडच्या त्या मैदानावरची धांदल एकदम थांबली.

सव्वीस जानेवारीला अजून दोन दिवस होते, आज नुसती तालीम होती. मंडपाचे बांबू उभे होते, कापड चढायचं होतं. मधोमध एकच लाल खुर्ची मांडलेली. सलामी तिलाच द्यायची.

पोलीस धावत आला. "मावशी, उठा. ती साहेबांची खुर्ची आहे."

"साहेब कुठं हाय?"

"ते परवा येणार."

"मग परवा उठते. तोवर खुर्चीला थंडी वाजंल."

मागे उभे असलेले कोंडाजी, तिचे चुलत दीर, कानाशी वाकले. "वैनी, अब्रू घालवाल."

"माझी हाय, मी घालवीन. तुमची मागितली का?"

कोंडाजींची उमर पलटणीत गेलेली, नव्या पोरांना कवायत शिकवण्यात. त्यांच्या मिशा बघून पोलिसानं एक सलाम ठोकला आणि म्हातारीचा नाद सोडला.

खरं तर ही युक्ती कोंडाजींनीच दिली होती, नकळत. परवा पोलादपूरच्या बाजारात बोलता बोलता म्हणाले होते, 'दाहिने देख' असा हुकूम झाला की सगळ्या पथकाची मान खुर्चीकडं वळते. खुर्चीत आवडता माणूस असो की नावडता. ठमाबाईनं तेवढंच उचललं.

कारण तिची सून अंकिता होमगार्डच्या पथकात होती, आणि अंकिता तिच्याकडं बघत नव्हती. मुलगा किशोर वारला, सुनेनं खाकी पँट चढवली, त्या दिवशी ठमाबाई बोलून गेली होती, "असली सोंगं करायची तर माझ्या उंबऱ्याच्या बाहेर." सून बाहेर गेली ती गेलीच. महाडात खोली केली. बाजारात समोरासमोर आली तरी तिची नजर भाजीच्या टोपलीवर. पूर्वी ठमाबाईच्या जिभेला ऐकायला माणूस होतं. आता गाय तेवढी कान हलवायची.

आपण होऊन हाक मारील ती ठमाबाई कसली! पण सरकारी हुकूम सुटला तर सुनेलाच काय, सुनेच्या बापालाही बघावं लागेल.

बँड वाजला. पथक निघालं. इतक्या बायका, पण बुटांचा आवाज एकच, जणू एकच कुणी धिप्पाड बाई चालत येत होती. पुढच्या रांगेत, खुर्चीच्या अंगाला, उजव्या कडेला अंकिता. ठमाबाईनं पदर सारखा केला, हनुवटी वर केली.

"दाहिने... देख!"

खाडकन माना वळल्या. कोण कुठल्या अनोळखी लेकीसुना, सगळ्या ठमाबाईकडं बघत होत्या. एक सोडून. हात लांबवला तर दंडाला लागला असता, इतक्या जवळून अंकिता गेली. मान ताठ, डोळे समोर.

धूळ खाली बसली. खुर्चीतून उठायला ठमाबाईला दोन्ही हात टेकावे लागले.

"बघितलंत, भावजी? हुकूम मोडलान तिनं. माझ्यापायी सरकारचा हुकूम मोडलान."

"मोडला नाय, वैनी. पाळला." कोंडाजी अजून पथकाच्या पाठीकडं बघत होते. "उजव्या कडेची पहिली असते ती मान वळवत नाय. बाकीच्या बघतात खुर्चीकडं नि चालतात तिच्या भरवशावर. ती वळली तर अख्खी ओळ वाकडी. तिथं कुणालाबी नाय ठेवत."

ठमाबाईनं पाठमोऱ्या पथकातली उजवी कड शोधली.

"मग ती बघते कुणाकडं?"

"कुणाकडंच नाय. समोर लांब एक खूण धरायची नि तिच्यावर चालत जायचं. तो बघा, टोकाला कुंपणाचा खांब हाय ना चुना लावलेला? तोच असंल."

"एकलीच?"

"एकलीच."

किशोरच्या सुतकातही पोरगी अशीच ताठ मानेनं आल्यागेल्याला चहा देत होती. डोळ्यांत टिपूस नाही. आणि ठमाबाई बायकांत म्हणाली होती, उलट्या काळजाची हाय गो.

पुन्हा एक फेरी, असं कुणीतरी ओरडलं. पथक मागे फिरून आपल्या जागेवर जाऊ लागलं. ठमाबाई चालायला लागली.

"वैनी, कुठं? एसटी सुटंल."

"सुटू दे. रस्ता काय एसटीबरोबर जातो?"

कुंपणाच्या कडेकडेनं, गुडघे धरत, ती टोकाला पोचली आणि चुन्याच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. इथून मैदान केवढं तरी मोठं दिसत होतं. लाल खुर्ची रिकामी होती.

बँड वाजला. लांबून हुकूम ऐकू आला. माना वळल्या, त्या रिकाम्या खुर्चीकडं. एकच चेहरा सरळ राहिला आणि पावलागणिक मोठा होत ठमाबाईकडं येऊ लागला.

ठमाबाईनं हात वर करायला घेतला. खांद्यापर्यंत आणला, आणि तसाच खाली घेतला. टाचा जुळवल्या.

ओळ सरळ येत होती.