कस्तुरीचं म्हातारपण

उकडलेल्या कलेजीचा वास. मांडवातला घरघरता पंखा. शालनच्या मुठीत घामेजलेला पट्टा.

रिंगणाच्या दारातलं यंत्र प्रत्येक कुत्र्याचं म्हातारपण पडद्यावर चालवून दाखवत असे. तिथे जो लंगडला, त्याला ना स्पर्धा, ना पिल्लं.

“पोरीला उपाशी ठेवतेस का गं?” शेजारच्या गुबगुबीत लॅब्राडॉरचे मालक बापूसाहेब हसले.

“वजन वाढलं की खुबे जातात, बापूसाहेब,” म्हणत शालनने आपल्या कस्तुरीला पुढे केलं.

पडद्यावर पांढऱ्या तोंडाची कस्तुरी आली. जिना चढली, उतरली, शेपटी हलवत बसली.

“पास!”

शालन कस्तुरीच्या गळ्यात पडून हसत सुटली. पुढे स्पर्धेत तिसरा नंबर आला, तोही तिला गोड लागला.

कस्तुरीच्या आईला शेवटी शेवटी अंगणात उचलूनच न्यावं लागे.