पहिला बाक

बसमधल्या पहिल्या बाकावर ‘लोकप्रतिनिधींसाठी राखीव’ अशी पाटी होती. पण बारा वर्षांच्या नोकरीत कंडक्टरनं तिथे एकही लोकप्रतिनिधी टेकलेला पाहिला नव्हता. त्यामुळे शिवणकाम करणाऱ्या, गुडघेदुखीनं बेजार झालेल्या एका आजींना तो रोज बिनदिक्कत तिथेच बसवायचा.

आज नेमकी माशी शिंकली. आमदारसाहेबांची गाडी भर रस्त्यात बंद पडली आणि निवडून आल्यापासून पहिल्यांदाच ते बसमध्ये चढले. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. साहेबांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग आजींकडे, आणि शेवटी कंडक्टरच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे. त्याची तर पाचावर धारणच बसली.

“आजी, उठा हो जरा,” तो काकुळतीला येऊन म्हणाला, “ही जागा साहेबांची आहे. माझी नोकरी जाईल!”

आजी जागच्या हलल्या नाहीत. मांडीवरचं कापडाचं गाठोडं सावरत त्यांनी साहेबांनाच विचारलं, “प्रतिनिधी म्हणजे कोणाचे हो तुम्ही?”

“तुमचाच की, आजी!” साहेबांनी सवयीनं हात जोडले. “तुम्हा सगळ्यांना तिकडे सभागृहात येऊन बसणं जमत नाही ना? म्हणून तुमच्या वतीनं मी बसतो.”

आजींचा चेहरा खुलला. त्या बाकावर आणखी ऐसपैस झाल्या.




“मग आज तुम्हाला तसदी नको. आज मी स्वतःच आलेय.”