डोंगरावरची रेघ

रात्रभर कॅमेरा उघडा ठेवला की फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेघा आतल्या फोटोच्या काचेवर उमटतात. लोहगडावरचे तारे असे टिपायला लोणावळ्याचा फोटोग्राफर युनूस पायथ्याच्या वाडीत मुक्कामाला आला होता. पहाटे अंधाऱ्या गोठ्यात त्याने काच रसायनात धुतली आणि तो हळहळला. ताऱ्यांखाली, डोंगरावर, आणखी एक वेडीवाकडी रेघ उमटली होती. सगळा फोटो नासला होता.

तेवढ्यात शेजारची धोंडाबाई रडत आली. "भाऊ, आमचं मालक राती पेटता टेंभा घिऊन म्हस हुडकाया गेलतं, आजून आलं न्हाईत. मान्सं गडावर बघून आली, तितंबी न्हाईत."

युनूसने काच पुन्हा उजेडात धरली. ती रेघ वाडीतून निघून डोंगर चढत होती आणि मधल्या कड्यापाशी एकाएकी थांबली होती.

"मावशी, गडावर नाही. त्या कड्याखाली चला!"

कड्याखाली करवंदीची दाट जाळी होती. आत काहीच दिसेना.

"हाक मारा, मावशी. नाव काय त्यांचं?"

धोंडाबाई घुटमळली. वीस वर्षांच्या संसारात तिने ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. मग पदर सावरून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "अंबाजीऽऽ!"

मग जाळीतून कण्हता आवाज आला, "आगं, पाय मोडलाय निस्ता. नाव घिऊन काय वरडतीस?"