निघा लगेच

परराज्यातल्या रिसॉर्टच्या हॉलमध्ये फोन स्पीकरवर ठेवला गेला. आमदार फुटू नयेत म्हणून पक्षाने सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले होते. घरचा फोन आला तर तो असा चारचौघांत घ्यायचा.

“अहो, आईंचं काही खरं नाही. सारखं तुमचंच नाव घेतायत. निघा लगेच,” बायको म्हणाली.

आमदार तुळशीराम फोनकडे सरकले. पण कोपऱ्यातून कोणीतरी हसलं. आई आजारी आहे म्हणून गेलेले दोघे आमदार कालच टीव्हीवर विरोधकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले दिसले होते. घरच्यांना दमदाटी करून असे फोन करायला लावतात, हेही रोज कानावर येत होतं.

“तुझ्याजवळ कोण उभं आहे?” त्यांनी विचारलं. “कोणी सांगितलं तुला असं बोलायला?”

त्यावर तिने फोन सासूच्या तोंडाशी नेला असावा. हॉलभर नुसती घरघर ऐकू आली. दम्याची ती घरघर तुळशीराम लहानपणापासून ओळखत होते. ते उठलेच.

“उद्या मतदान झालं की थेट विमानाने पोचवतो,” म्हणत नेत्यांनी खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला फारसा जोर नव्हता, तरी ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सरकार वाचलं. गुलालाच्या हाताने त्यांनी परत मिळालेला मोबाईल कानाला लावला. “निघालोय गं. आईला सांग, संध्याकाळपर्यंत पोचतो.”

“भाऊजींनी सकाळीच अग्नी दिला,” ती म्हणाली. “आता सावकाश या.”