निरोप

“पिंड कोणाच्या नावानं?” रामकुंडावर गुरुजींनी विचारलं. निवृत्त हवालदार म्हणाला, “नावं ठाऊक नाय, गुरुजी. साठ जवान व्हते. आफ्रिकेतल्या यादवीत मी शांतिसेनेच्या वायरलेसवर व्हतो.” “शत्रूने मारले?” “त्यांच्याच दोन कर्नलांनी. दोघं तिथल्या एकाच सरकारी सैन्यातले, पण हाडवैर. एकमेकांशी बोलायचे नाय, निरोप मी पोचवायचो. एक दिवस एकानं पुलावरची स्वतःची फौज काढली. मी दुसऱ्याला कळवलं, तुमचे जवान एकटे पडलेत, माघारी बोलवा. तो म्हणाला, हे त्यानं स्वतः सांगावं. पहिला कशाला सांगतोय! तासाभरात बंडखोर आले, सगळे संपले.” “काय ही माणसं!” गुरुजी हळहळले. पिंड मांडायला दर्भ कमी पडला. शेजारच्या पाटावर गुरुजींचे सख्खे भाऊ दर्भाची जुडी घेऊन बसले होते. तिकडे न बघता गुरुजी हवालदाराला म्हणाले, “त्यांना सांगा, थोडा दर्भ द्या म्हणावं. आमचं बोलणं नाही.”