वाकळीचा पेशंट

संगमेशला काही ताळतंत्रच उरलं नव्हतं, असं शरणम्माचं स्पष्ट मत होतं. गावाला नवी अँब्युलन्स काय आली, हा तिचा पुतण्या ड्रायव्हर काय झाला, सकाळपासून त्याच्या भोंग्यानं म्हशींनी पान्हा चोरला होता.

आज पेशंट गाडीतून न्यायची तालीम होती. सगळं गाव पारावर लोटलं होतं. पण पेशंट म्हणून झोपायला कुणी तयार होईना. धडधाकट माणसानं त्या गाडीत आडवं होणं म्हणजे अपशकुन. मग संगमेशनं न विचारताच काकूच्या ओसरीवरची वाकळ उचलली, गुंडाळून स्ट्रेचरवर बांधली आणि तिला ऑक्सिजनचा मास्क लावला. लोक हसून लोटपोट झाले.

शरणम्मा तरातरा गाडीत चढली. "मेल्या, मालकाच्या धोतरांची वाकळ हाय ती! गाडीची वाट बघत ह्याच पारावर जीव सोडला त्यांनी, आन तू तमाशा करायलास?"

मास्क ओढायला गेलेला तिचा हात तसाच थांबला.

नळी कशालाच जोडलेली नव्हती. तरी मास्कवर आतून वाफ धरली. निवळली. पुन्हा धरली.

गाडीवरच्या नर्स अंबिकानं मास्क पुसून परत ठेवला. वाफ पुन्हा आली, आता जरा उशिरानं.

बाहेरचं हसू विरलं. ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला संगमेश दार उघडून उतरू लागला. "काकू, बंद करू तालीम."

शरणम्मानं वाकळीवर हात दाबून धरला. तिचे डोळे लकाकत होते.

"उतरलास तर तंगडं मोडीन! इतक्या वर्सांनी गाडी येळेवर आली हाय. लाव भोंगा, आन उदगीरचा दवाखाना गाठ!"